ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन घ्यावं, की आधी व्यायाम करून बघावा?

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या वाचक ३६ वर्षांच्या असून तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतात. आठ वर्षांपूर्वी बाळंतपणात त्यांना खूप रक्तस्राव झाला. त्यानंतर दूध आलंच नाही आणि पाळीही परत सुरू झाली नाही. पाच वर्षं 'रक्त कमी आहे' म्हणून टॉनिकं घेण्यात गेली. तीन वर्षांपूर्वी उलट्या होऊन त्या बेशुद्ध पडल्या, रक्तातलं सोडियम खूप उतरलेलं निघालं आणि शीहॅन सिंड्रोमचं निदान झालं. सध्या सकाळी प्रेडनिसोलोन ७.५ मिलिग्रॅम, थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम आणि पाळीसाठी गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं संप्रेरक) 'नॉर्मल' आहे. वजन ६४ किलो. पोट वाढतंय, मांड्या बारीक होताहेत, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मध्ये थांबावं लागतं, उन्हात जीव कासावीस होतो. शहरातल्या एंडोक्रायनॉलॉजिस्टनी (संप्रेरकांच्या तज्ज्ञांनी) आयजीएफ-१, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, कमी असल्याचं सांगून ग्रोथ हॉर्मोनचा विचार करायला सुचवलं. पती म्हणतात, आधी जिम लाव, फरक नाही पडला तर इंजेक्शन बघू. जिमचा ट्रेनर 'तेच इंजेक्शन' निम्म्या किमतीत मिळवून देतो म्हणाला आहे. सासूबाईंच्या मते बसून बसून अंग जड झालंय. त्या लिहितात, 'मी आळशी आहे की आजारी, हेच मला कळेनासं झालंय. इंजेक्शन घेतलं तर पूर्वीसारखी तरतरी येईल का?'

ताई, पहिल्या शंकेचं उत्तर आधी देते. तुम्ही आळशी नाही. गरोदरपणात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी आकाराने बरीच वाढते, पण तिला मिळणारा रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही. अशा वेळी मोठा रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, की ग्रंथीतल्या पेशी मरतात. ग्रोथ हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी ग्रंथीच्या बाजूच्या भागांत असतात आणि हा मार सहसा सगळ्यात आधी त्यांना बसतो. कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड), थायरॉइड आणि पाळी या तिन्हींची संप्रेरकं गेलेल्या बाईचं ग्रोथ हॉर्मोन शाबूत असणं फार दुर्मीळ.

उंची वाढायची थांबली, की या संप्रेरकाचं काम संपलं, असं बहुतेकांना वाटतं. मोठ्या माणसात ते पोटाची चरबी मोडायला लावतं, स्नायूंतली प्रथिनं टिकवतं, रक्तातल्या द्रवाचं प्रमाण आणि हृदयाची फेकण्याची ताकद राखतं, हाडांची झीज भरून काढतं आणि घामाच्या ग्रंथींनाही चालना देतं. ते नसलं की जिन्यात दम लागतो, कारण प्रत्येक ठोक्याला स्नायूंपर्यंत कमी रक्त पोचतं. उन्हात जीव कासावीस होतो, कारण घाम कमी येतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पत्रातल्या या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्यांना शारीरिक कारण आहे.

तरीही 'माझा थकवा म्हणजे ग्रोथ हॉर्मोनची कमतरता' या तुमच्या गृहीतकापाशी मी जरा थांबेन. तुमच्या औषधांची यादी वाचल्यावर मला आधी तीन गोष्टी तपासाव्याशा वाटतात, आणि त्या दुरुस्त करायला फारसा खर्च नाही.

पहिली गोष्ट प्रेडनिसोलोनची. पिट्युटरीच्या कमतरतेत कॉर्टिसोलची भरपाई म्हणून ते साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पुरतं. ७.५ मिलिग्रॅम म्हणजे जवळपास ३० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, आणि भरपाईसाठी रोज साधारण १५ ते २० मिलिग्रॅमच द्यायची पद्धत आहे. गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड वर्षानुवर्षं पोटात गेलं तर नेमकं काय होतं? पोट सुटतं, मांड्या-दंड बारीक होतात, खालून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. ग्रोथ हॉर्मोनच्या कमतरतेचं चित्रही असंच दिसतं, म्हणून दोन्हींची गल्लत होते. तुमचा डोस कदाचित त्या बेशुद्धीनंतर वाढवला गेला असेल आणि मग खाली आणायचा राहून गेला असेल. पण डोस स्वतः कमी करू नका. एक गोळीही नाही. डॉक्टरांना विचारा, 'हा डोस भरपाईचा आहे का? हायड्रोकॉर्टिसोनवर आणून दोन-तीन वेळांत विभागता येईल का?'

दुसरी गोष्ट थायरॉइडची, आणि इथे फार घोटाळे होतात. टीएसएच पिट्युटरीतूनच येतं. ग्रंथीच निकामी असेल तर टीएसएच नॉर्मल किंवा कमीच दिसणार, मग थायरॉक्सिन पुरत असो वा नसो. तुमच्यासारख्यांनी टीएसएचवर डोस ठरवायचाच नसतो. फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक, तपासायचं आणि ते नॉर्मल पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात ठेवायचं. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची. या प्रकारात दर किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात. म्हणजे ६४ किलो वजनाला शंभरच्या आसपास. तुम्ही पन्नासवर आहात. थायरॉइडची ही अर्धवट भरपाई एकटीच दम लागायला, बद्धकोष्ठाला, जडपणाला पुरेशी आहे. शिवाय गोळी रिकाम्या पोटी घेता ना, आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब ठेवता ना, हेही बघा.

तिसरी गोष्ट पाळीच्या गोळ्या. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे आयजीएफ-१ बनणं दाबतं. आयजीएफ-१ म्हणजे ग्रोथ हॉर्मोनच्या हुकमाने मुख्यतः यकृतात बनणारा निरोप्या. त्यामुळे तुमचा कमी आलेला आकडा थोडा या गोळ्यांमुळेही कमी असू शकतो. दुसरं असं, की उद्या ग्रोथ हॉर्मोन सुरू केलं तर या गोळ्यांपायी त्याचा डोस जास्त लागेल, आणि हे औषध महाग आहे. इस्ट्रोजेन त्वचेवर लावायच्या जेलच्या किंवा पॅचच्या रूपात घेतलं, तर हा अडथळा येत नाही. गर्भाशय आहे म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागेलच. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट या दोघांनी एकमेकांशी बोलून हा बदल करावा, असा आग्रह तुम्ही धरा.

याच फेरीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, सोडियम, लिपिड आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या. हिमोग्लोबिन ९ असताना कुठल्याही संप्रेरकाने जिना सोपा होत नाही.

हे सगळं ग्रोथ हॉर्मोनच्या आधीच करायला मी का सांगते, त्यामागे पैशांपेक्षा मोठं कारण आहे. ग्रोथ हॉर्मोन सुरू झालं की शरीर निष्क्रिय कॉर्टिसोनचं कामाच्या कॉर्टिसोलमध्ये रूपांतर कमी करतं, आणि टी-४ चं टी-३ मध्ये, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाच्या दुसऱ्या रूपात, रूपांतर वाढवतं. म्हणजे आधीच काठावर असलेला माणूस दोन्ही बाजूंनी आणखी खाली जातो. पहिल्या महिन्यात कुणी 'इंजेक्शनने उलट जास्त गळून गेले' म्हणून ते सोडून देतं, तेव्हा दोष बऱ्याचदा इंजेक्शनचा नसतो, स्टेरॉइडची किंवा थायरॉक्सिनची कमतरता उघडी पडलेली असते. कॉर्टिसोन अॅसिटेट किंवा प्रेडनिसोन घेणाऱ्यांना याचा जास्त फटका बसतो, कारण ती औषधं या रूपांतरानंतरच कामाला येतात. म्हणून इंजेक्शन सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी फ्री टी-४ परत करायचं. आणि क्रमाबद्दल एक पक्का नियम ध्यानात ठेवा. थायरॉक्सिन वाढवण्याआधी कॉर्टिसोलची भरपाई भक्कम असली पाहिजे, नाहीतर जिवावर बेतू शकतं.

तपासणीबद्दल थोडं. एरवी मोठ्यांमध्ये ही कमतरता सिद्ध करायला इन्सुलिन देऊन साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली आणायची किंवा ग्लुकागॉन टोचून तीन-चार तास रक्ताचे नमुने घ्यायचे, अशी चाचणी लागते. नुसतं रक्तातलं ग्रोथ हॉर्मोन मोजून काही कळत नाही, कारण ते झटक्याझटक्याने सुटतं आणि दोन झटक्यांच्या मध्ये निरोगी माणसातही जवळजवळ शून्य असतं. पण पिट्युटरीची तीन किंवा अधिक इतर संप्रेरकं गेलेली असतील आणि आयजीएफ-१ वयाच्या मानाने कमी असेल, तर या चाचणीची गरज नाही, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुम्ही याच गटात बसता. थायरॉइड आणि इस्ट्रोजेन जागेवर आल्यानंतर आयजीएफ-१ एकदा परत करा. माझ्या अंदाजाने तो तरीही कमीच येईल. पण मग त्या आकड्यावर तुमचा आणि घरच्यांचाही विश्वास बसेल.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. इंजेक्शनने तरतरी येईल का?

मोठ्या माणसांवरचे पहिले नीट प्रयोग १९८९ साली डेन्मार्क आणि लंडनमधून प्रसिद्ध झाले. लंडनच्या प्रयोगात कमतरता असलेल्या २४ जणांना सहा महिने रोज ग्रोथ हॉर्मोन किंवा नुसतं पाणी टोचलं. औषध मिळालेल्यांची चरबी सरासरी ५.७ किलोने घटली आणि चरबीविरहित वजन ५.५ किलोने वाढलं. हे आकडे वाचून हुरळून जायला होतं, म्हणून लगेच पुढचं सांगते. त्या काळी डोस वजनावर काढत आणि तो आजच्या सुरुवातीच्या डोसच्या कितीतरी पट असे. हातापायांवर सूज आणि सांधेदुखीही तितकीच होई. शिवाय चरबीविरहित वजनात पाणीही येतं. नंतरचे अनेक प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा दम टिकण्याची क्षमता, म्हणजे व्यायामात शरीर किती प्राणवायू वापरू शकतं ती, सुधारते असं दिसलं. स्नायूंच्या ताकदीत मात्र पहिल्या काही महिन्यांत ठाम फरक दिसला नाही. ताकद हळू येते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला दहा वर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांत ती पहिल्या काही वर्षांत वाढत गेली आणि पुढे वयानुसार होणारी घट सौम्य राहिली.

याचा तुमच्यापुरता अर्थ मी असा लावते: तीन ते सहा महिन्यांत कंबरेचा घेर उतरू लागेल, दम जरा लांबेल, उन्हाचा त्रास कमी होईल. मांड्यांची ताकद मात्र नुसत्या सुईतून येणार नाही, तिला भार द्यावा लागेल. हाडांची घनता पहिल्या वर्षात किंचित घटलेलीही दिसेल, कारण जुनं हाड आधी मोडलं जातं. भर दीड-दोन वर्षांनी दिसते. तेव्हा सहा महिन्यांनी डेक्सा स्कॅन करून निराश होऊ नका. वजनकाट्यावरही भिस्त ठेवू नका. चरबी घटते आणि पाणी-स्नायू वाढतात, त्यामुळे काटा जागच्या जागी राहू शकतो. मोजपट्टी वापरा.

म्हणजे पती म्हणतात तसं 'आधी व्यायाम, जमलं नाही तर इंजेक्शन' ही मांडणी मला पटत नाही. पटत नाही ती अशासाठी, की त्यात इंजेक्शन ही व्यायामात नापास झालेल्याची शिक्षा ठरते. तुमच्या शरीरात एक संप्रेरक नाही. थायरॉक्सिनची गोळी जशी कमावून घ्यावी लागत नाही, तसंच हेही. मात्र सहा-आठ आठवडे व्यायाम आधी सुरू करावा, या त्यांच्या सूचनेत एका वेगळ्या कारणाने तथ्य आहे. तेवढ्या काळात बाकीच्या गोळ्या दुरुस्त होतात, आणि इंजेक्शन सुरू झाल्यावर कशामुळे किती फरक पडला हे वेगळं कळतं. दोन्ही एकाच सोमवारी सुरू केलं आणि गुडघे दुखायला लागले, तर दोष कोणाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणि इंजेक्शन घ्यायचं ठरलं, तर 'आता जन्मभर' असं मनावर ओझं घेऊ नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००३ साली घालून दिलेली पद्धत मला आवडते. तिथे २५ 'हो-नाही' प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ऊर्जा, लक्ष, चिडचिड, लोकांत मिसळणं यांबद्दलची. ११ किंवा जास्त गुण, म्हणजे त्रास बराच, असला तरच औषध सुरू होतं. पहिले तीन महिने डोस बसवण्यात जातात, पुढचे सहा महिने खरी परीक्षा. नऊ महिन्यांनी गुण निदान ७ ने उतरले नाहीत, तर औषध थांबवतात. तुम्हीही असाच नऊ महिन्यांचा करार स्वतःशी आणि घरच्यांशी करा. सुरू करण्याआधी वहीत लिहा: कंबरेचा घेर, शाळेच्या व्हरांड्यात सहा मिनिटांत किती मीटर चालता, बिनहाताच्या खुर्चीतून हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा उठता, दोन जिन्यांत कुठे थांबता, आणि शाळेतून आल्यावर आडवं व्हावं लागतं असे आठवड्यात किती दिवस. दर तीन महिन्यांनी हेच मोजा. पैसे सार्थकी लागताहेत का, याचं उत्तर त्या वहीत मिळेल. सासूबाईंनाही ती दाखवता येईल.

डोसाबद्दल आता बारकाईने. तुमच्या वयाला सुरुवात रोज ०.२ ते ०.३ मिलिग्रॅमने होते, साठीनंतर ०.१ ते ०.२ ने. मग महिन्या-दोन महिन्यांनी आयजीएफ-१ आणि त्रास बघून ०.१ ते ०.२ ने वाढवतात. आकडा वयाच्या नॉर्मल पट्ट्यात आणायचा असतो, वरची हद्द ओलांडायची नसते. रात्री झोपताना, मांडीत किंवा पोटावर, त्वचेखाली टोचायचं. जागा रोज बदला. एकाच ठिकाणी टोचत राहिलं तर तिथली चरबी दबते किंवा गाठ येते आणि औषध नीट शोषलं जात नाही. औषध २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रिजच्या दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. एकदा गोठलं की फेकून द्यायचं. कुपीतल्या पावडरीत पाणी घालायचं असेल तर कुपीच्या भिंतीवरून सोडा आणि हलकेच फिरवा. खळखळून हलवलं तर प्रथिन बिघडतं.

विकत घेताना गणित करा. ०.२ मिलिग्रॅम रोज म्हणजे महिन्याला ६ मिलिग्रॅम. ५ मिलिग्रॅमचं पेन २५ दिवस जातं. १० मिलिग्रॅमचं पेन दर मिलिग्रॅमला स्वस्त वाटतं, पण ते ५० दिवस पुरेल आणि बरीचशी पेनं उघडल्यापासून २८ दिवसांत संपवायची असतात. म्हणजे ४.४ मिलिग्रॅम टाकून द्यावं लागेल. तुमच्या पेनच्या माहितीपत्रकावर मुदत बघा आणि मगच आकार ठरवा.

कुपी आणि सिरिंज वापरणार असाल तर एक चूक फार महागात पडते. काही कुप्यांवर मिलिग्रॅम नसतं, आययू (आंतरराष्ट्रीय युनिट) असतं. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ आययू, तेव्हा ०.२ मिलिग्रॅम म्हणजे ०.६ आययू. ४ आययूच्या कुपीत १ मिलिलिटर पाणी घातलं, तर तुमचा डोस ०.१५ मिलिलिटर होतो. इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा इन्सुलिनच्या युनिटच्या असतात, या औषधाच्या नाहीत. ४० युनिटवाल्या सिरिंजवर हा डोस ६ युनिटांच्या खुणेपर्यंत आणि १०० युनिटवाल्यावर १५ युनिटांच्या खुणेपर्यंत भरतो. ४० च्या सिरिंजवर चुकून १५ च्या खुणेपर्यंत भरलं, तर अडीचपट औषध जातं. पहिली दोन-तीन इंजेक्शनं नर्ससमोर भरून दाखवा.

सुरुवातीला अंगठी घट्ट होणं, सकाळी बोटं आखडणं, मनगटापाशी मुंग्या येणं हे अंगात पाणी साठल्याचं लक्षण. डोस एक पायरी खाली आणला की बहुधा जातं. डोकेदुखीसोबत धूसर दिसायला लागलं, तर इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. साखर थोडी वर जाऊ शकते, म्हणून एचबीए१सी आधी आणि नंतरही. चालू कर्करोगात आणि मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तेव्हा हे औषध देत नाहीत.

ट्रेनरच्या इंजेक्शनाला मात्र स्पष्ट नकार द्या. त्यात काय आहे, ते थंड साखळीतून आलं का, हे कळायला तुमच्याकडे मार्ग नाही. शरीरसौष्ठववाले घेतात ते डोस तुमच्या डोसच्या अनेक पट असतात, आणि निरोगी माणसात त्याने वाढलेलं 'मांस' बरंचसं पाणीच असतं, ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. त्याला तुमचं प्रेडनिसोलोन, थायरॉक्सिन ठाऊक नाही. उद्या तो इंजेक्शनऐवजी 'ग्रोथ हॉर्मोन वाढवणाऱ्या' गोळ्या, पेप्टाइड किंवा पावडर सुचवेल. त्या पिट्युटरीला चालना देण्यावर अवलंबून असतात, आणि तुमच्या ग्रंथीत प्रतिसाद द्यायला पेशी उरलेल्या नाहीत.

आता व्यायाम. यासाठी जिम लागतेच असं नाही. सकाळची गोळी आणि काहीतरी खाणं झाल्यावर अर्धा-पाऊण तासाने सुरू करा, उपाशीपोटी कधीच नको. कॉर्टिसोल आणि ग्रोथ हॉर्मोन दोन्ही नसलेल्या शरीराला साखर सावरून धरता येत नाही. याच कारणाने सोळा तासांचे उपास, निर्जळी एकादशी, नवरात्रातलं फक्त पाण्यावर राहणं हे तुमच्यासाठी नाही. उपासाचा दिवस पाळायचाच असेल, तर दर तीन तासांनी दूध, फळं, शेंगदाणे, राजगिरा असं खाऊन पाळा आणि गोळी कुठल्याही दिवशी चुकवू नका.

पहिले चार आठवडे आठवड्यातून पाच दिवस १५ ते २० मिनिटं चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचे व्यायाम: खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, उताणं झोपून कंबर उचलणं, जिन्याच्या एका पायरीवर चढ-उतार, आणि पाण्याने भरलेल्या एक-एक लिटरच्या बाटल्या घेऊन वाकून कोपर मागे ओढणं. प्रत्येकी ८ वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. नाही वाटल्या तर भार कमी आहे, उठबस करताना बाटल्या हातात घ्या. पाचव्या आठवड्यापासून चालणं अर्धा तास आणि १० च्या तीन फेऱ्या. नवव्यापासून आठवड्यातून एकदा एक मिनिट भरभर, दोन मिनिटं सावकाश, असे पाच वेळा. सूर्यनमस्कार आवडत असतील तर जरूर घाला, पण खाली वाकून वर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर सोडून द्या आणि रक्तदाब व सोडियम तपासा. अंधारी येणं हे स्टेरॉइड कमी पडत असल्याचंही लक्षण असतं. इंजेक्शन सुरू केल्यावरचे पहिले सहा आठवडे भार वाढवू नका, तोच ठेवा.

मार्च ते जून सूर्य वर यायच्या आत उरका. घाम कमी येतो म्हणून 'मला उष्मा होत नाही' असं समजू नका, तुमच्या बाबतीत उलट आहे. मानेवर ओला पंचा, सोबत पाणी, आणि डोकं जड झालं की सावलीत थांबायचं.

खाण्यात प्रथिनं मोजा. रोज ६५ ते ७५ ग्रॅम लागतील. दोन भाकऱ्या, पातळ आमटी आणि भाजी एवढ्या जेवणात अंदाजे १५-१७ ग्रॅम होतात, म्हणजे दोन वेळचं मिळून निम्मंच. दाट उसळ, दोन अंडी किंवा शंभर ग्रॅम पनीर, वाटीभर दही, भाजीत मूठभर सोयाबीनच्या वड्या, यांतून उरलेलं भरतं.

रोजच्या तासाभराच्या व्यायामासाठी प्रेडनिसोलोन वाढवायचं नाही. शाळेची सहल घेऊन दिवसभर किल्ला चढणार असाल, तर आधी डॉक्टरांना विचारून जादा डोस ठरवून ठेवा. ताप आला तर दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि लगेच दवाखाना. हे एका कार्डावर लिहून पर्समध्ये ठेवा आणि शाळेत एका सहकारी बाईंना सांगून ठेवा. डोस ७.५ वरून खाली आल्यावर याची गरज जास्त.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन किंवा डोक्याला किरणोपचार झालेल्यांनी ग्रोथ हॉर्मोनआधी ताजा एमआरआय करावा आणि उरलेली गाठ स्थिर असल्याची खात्री करावी. ताईंना तो प्रश्न नाही, त्यांच्यात गाठ नव्हतीच. घोणस चावून मूत्रपिंडावर परिणाम झालेल्या आणि त्यातून वाचलेल्या माणसाला पुढे महिन्या-वर्षांनी असाच थकवा, कामेच्छा जाणं, दाढी विरळ होणं दिसलं, तर पिट्युटरीची तपासणी करा. विषाने याही ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो. डोक्याला जबर मार लागलेल्यांचंही तेच. आणि लहानपणी हे इंजेक्शन घेऊन उंची मिळवलेल्या मुलांनी वाढ थांबल्यावर ते बंद करून, निदान महिनाभराने पुन्हा चाचणी करून घ्यावी. काहींची कमतरता तेव्हा गेलेली असते, काहींना तारुण्यातही स्नायू-हाडांसाठी ते लागतं. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना हे औषध बंदी यादीत आहे. खरी कमतरता असेल तर उपचारासाठीची सवलत आधी मागावी लागते.

तुम्ही पत्रात दुसऱ्या बाळाचा उल्लेख केलेला नाही, पण वय ३६ आहे म्हणून विचारते. तसा विचार असेल तर तो डॉक्टरांना आत्ताच सांगा. तुम्हाला बीजांडं तयार होण्यासाठी वेगळी इंजेक्शनं लागतील, गरोदरपणात ग्रोथ हॉर्मोन सहसा थांबवतात, थायरॉक्सिन आणि स्टेरॉइडचे डोस बदलतात, आणि प्रसूती रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवी. मग नऊ महिन्यांचा औषधाचा करार कधी सुरू करायचा, हे त्या वेळापत्रकावर ठरेल.